स्टॅम्प्ड काँक्रीट: बंगल्याच्या पार्किंगचं आणि पायवाटेचं काम टप्प्याटप्प्याने

पहिल्या पावसाळ्यानंतर रंगाचे पोपडे निघाले, दगडी नक्षीतून आडवीतिडवी भेग गेली, गाडीच्या चाकाखाली कोपरा खचला. स्टॅम्प्ड काँक्रीट म्हणजे ओल्या काँक्रीटवर रंग टाकून साच्यांनी दगडाची किंवा फरशीची नक्षी उमटवलेली जमीन. तिच्या तक्रारी साधारण या तीनच असतात, आणि मालकाचा राग बहुतेक वेळा साच्यांवर नाहीतर रंगाच्या कंपनीवर निघतो. साचा क्वचितच दोषी असतो. ठसे मारायचं काम तास-दीड तासाचं. त्याआधी जमिनीत काय भरलं, गाडीतून आलेल्या मालात (तयार काँक्रीटमध्ये) कुणी पाणी वाढवलं का, आणि मिस्त्रीला हात आवरून थांबता आलं का, यावर पुढचं सगळं ठरतं.

पुढे एकच उदाहरण धरलं आहे. जागा १२ फूट रुंद आणि २५ फूट लांब, म्हणजे तीन ब्रास (३०० चौरस फूट). उभी राहणार एक चारचाकी. प्लॉट पठारावरच्या गावातला, खाली काळी माती. पायवाट किंवा ओट्यापुढची बसायची जागा करायची असेल तर कुठे काय बदलतं, ते त्या त्या ठिकाणी दिलं आहे.

## आधी ठरवा: इथे हे काम करावं का?

खालून ड्रेनेजची किंवा पाण्याची जुनी लाइन जात असेल आणि ती कधीतरी उकरावी लागणार हे दिसत असेल, तर पेव्हर ब्लॉक घाला. ब्लॉक काढून परत बसवता येतात. स्टॅम्प्ड काँक्रीट एकदा फोडलं की त्या जागेचं ठिगळ रंगात कधी जुळत नाही. लाइन नवीनच टाकायची असेल तर ती आत्ता टाका. सोबत तीन-चार इंची पीव्हीसीचे एक-दोन रिकामे पाइपही आडवे टाकून दोन्ही तोंडं बंद करून ठेवा. उद्या गेटला दिवा, कॅमेरा, बागेला पाणी असं काहीही न्यायचं झालं तरी फोडाफोड होणार नाही.

‘जुन्या कोब्यावर दोन इंचांचा थर टाकून ठसे मारून देतो’ असं सांगणारे ठेकेदार भेटतात. खालच्या कोब्याला भेगा असतील तर त्या वर उमटणारच, मग रंग कितीही भारी वापरा. भेगाळलेला किंवा पोकळ वाजणारा कोबा काढूनच टाका.

हंगामाचं म्हणाल तर पठारावर दिवाळीनंतर फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. विदर्भात एप्रिल-मेमध्ये हे काम हाती घेऊच नये असं माझं मत आहे. घ्यावंच लागलं तर पहाटे सुरू करून उन्हं चढायच्या आत ठसे संपले पाहिजेत. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत उलटी अडचण होते. काँक्रीट इतकं सावकाश घट्ट होतं की ठसे मारायला संध्याकाळ उजाडते आणि अंधारात काम उरकावं लागतं. कोकणात जून ते सप्टेंबर शेवाळ धरणारच, म्हणून तिथे गुळगुळीत नक्षी घेऊ नका, खडबडीत दगडाचा पोत घ्या.

## टप्पा १: पातळी आणि ढाळ

हे काम खोदायच्या आधीचं आहे. साध्या कोब्याला कमी ढाळ चालून जातो. ठसे मारलेल्या जमिनीत मात्र पाणी खाचांमध्ये अडतं, त्यामुळे दर पाच फुटांना एक इंच ढाळ हवा. आपल्या २५ फुटांत ही उतरण पाच इंचांची होते. तेवढी जागा जोत्यापासून गेटपर्यंत खरंच आहे का, ते लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून बघा आणि कंपाउंडच्या भिंतीवर तयार पातळीच्या खुणा रंगाने करून ठेवा.

दोन गोष्टी इथे हमखास विसरतात. गेट आतल्या बाजूला उघडत असेल तर चढत्या जमिनीला त्याची खालची कड घासते. म्हणून गेट पूर्ण उघडल्यावर त्याची खालची कड कुठे येते, ते बघूनच खूण करा. दुसरं म्हणजे वाहून आलेलं पाणी जाणार कुठे? गेटपाशी जाळीची आडवी नाली आणि तिला चेंबर, याची सोय आत्ताच करा.

तपासा: तयार जमीन घराच्या बाजूला जोत्याच्या पातळीपेक्षा किमान सहा इंच खाली राहते ना? राहत नसेल तर पावसाचं पाणी भिंतीला लागून ओल चढेल.

## टप्पा २: खोदाई आणि भर

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टाकलेला स्लॅब वर्षातून एकदा उचलला जातो आणि एकदा अधांतरी राहतो. दीड ते दोन फूट माती काढा. त्याआधीच खाली मुरूम लागला तर तिथे थांबा. मग चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत भरा, प्रत्येक थरावर पाणी मारा आणि प्लेट कॉम्पॅक्टर किंवा छोटा रोलर फिरवा. कोपऱ्यात आणि चेंबरभोवती मशीन पोचत नाही, तिथे धुम्मस हाताने चालवा. सगळी भर एकदम टाकून वरून रोलर फिरवला तर वरचे चार-सहा इंच दबतात, खालचं भुसभुशीतच राहतं.

मुरमाला पाणी किती, याची परीक्षा सोपी आहे. मूठभर मुरूम दाबून गोळा करा. गोळा टिकला, हात चिखलाने माखला नाही आणि बोटाने दाबल्यावर गोळा दोन-तीन तुकड्यांत फुटला तर ओल बरोबर आहे.

नव्या घराच्या जोत्याला लागून असलेला तीन-चार फुटांचा पट्टा वेगळा हाताळा. पाया भरताना तिथला चर सैल मातीने बुजवलेला असतो आणि सगळ्यात जास्त खचतो तोच. तो पुन्हा उकरून थरांनी भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. घरकामातून उरलेला राडारोडा, विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या भरावात जाऊ देऊ नका. जागच्या जागी विल्हेवाट लागते म्हणून ठेकेदाराला हे फार आवडतं.

पायवाटेला एवढं लागत नाही. वरची मऊ माती काढून चार इंच दाबलेला मुरूम पुरतो. काळी माती असेल तर मात्र तिथेही किमान फूटभर काढा.

तपासा: भरलेला टेम्पो किंवा गाडी भरावावरून सावकाश फिरवा. चाकाची रुत उमटली किंवा जमीन दबून परत वर आली तर तो भाग उकरून पुन्हा भरा. ही परीक्षा चुकवली तर पुढचा सगळा खर्च बिनभरवशाचा.

## टप्पा ३: शटरिंग, सळई आणि सांधे

चारचाकीसाठी स्लॅब पाच इंच, पायवाटेसाठी आणि बसायच्या जागेसाठी चार इंच. शटरिंगचे चॅनेल (कडेने माल अडवून धरणाऱ्या पट्ट्या) सरळ असू द्या. नक्षीच्या रेषा कडेला समांतर जातात, त्यामुळे कड वाकडी असली तर डोळ्याला लगेच खुपते.

आठ मिमीची सळई आठ इंचांवर दोन्ही बाजूंनी, किंवा तयार वेल्डमेश (वेल्डिंगने जोडलेली जाळी). सळई भेग थांबवत नाही, पडलेली भेग उघडू देत नाही, एवढंच तिचं काम. ती वरच्या पृष्ठभागापासून दीड ते दोन इंचांवर बसली तरच हे काम होतं. ‘माल ओतताना आकड्याने वर ओढून घेऊ’ हे आश्वासन मानू नका. ओढलेली सळई पुढच्या पावलाखाली परत तळाशी जाते. खाली टेकू म्हणून कव्हर ब्लॉक किंवा खुर्च्या लावूनच घ्या.

आता सांधे. स्टॅम्प्ड कामातला सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. ठशाने उमटलेली फरशीची रेष म्हणजे सांधा नव्हे. ती जेमतेम दहा मिमी खोल असते. काँक्रीट आकसताना भेग पडणारच असते. ती आपल्याला हव्या त्या रेषेत पडावी म्हणून कटरने कापलेला सांधा लागतो, आणि त्याची खोली स्लॅबच्या जाडीच्या पाव असावी लागते. पाच इंचांच्या स्लॅबला सव्वा इंच. दोन सांध्यांतलं अंतर जाडीच्या २४ पटींपेक्षा जास्त नको, म्हणजे आपल्याकडे दहा फुटांच्या आत. प्रत्येक तुकडा शक्य तितका चौकोनी असावा, लांबी रुंदीच्या दीडपटीपुढे जाऊ नये.

आपल्या १२ बाय २५ मध्ये हे असं बसतं: मधोमध एक उभा सांधा आणि दोन आडवे. सहा फूट बाय आठ फूट चार इंचांचे सहा तुकडे होतात. हे कागदावर काढा आणि साच्याच्या मापाशी जुळवा. सांधा नक्षीच्या रेषेवरून गेला तर तो दिसत नाही. नाही जुळला तर नक्षी चिरून गेला तरी चालेल, पण सांधा गाळू नका. सांध्याच्या रेषेवर एकाआड एक सळई तोडून ठेवा, नाहीतर स्लॅब तिथे मोकळा होत नाही.

घराचं जोतं, पोर्चचे खांब, चेंबरची चौकट, कंपाउंडची भिंत, जिथे जिथे नवं काँक्रीट जुन्या बांधकामाला भिडतं तिथे १२ मिमीचा फिलर बोर्ड (दोन्ही वेगळं ठेवणारी, दबणारी पट्टी) उभा लावा. एल आकाराची जागा असेल तर आतल्या कोपऱ्यातून सांधा गेलाच पाहिजे. तिथून भेग जातेच.

## टप्पा ४: माल

एम २५ ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा). खडी बारीक, १० ते १२ मिमीची. नेहमीच्या २० मिमी खडीवर ठसा मारला की साच्याच्या रेषेखाली दगड येतो आणि ठसा अर्धवट उमटतो. स्लंप (ओल्या मालाच्या सैलपणाचं माप) १०० मिमीच्या आसपास.

हिशोब असा: ३०० चौरस फूट, जाडी पाच इंच, म्हणजे १२५ घनफूट, म्हणजे साडेतीन घनमीटर. वाया जाणारा आणि खालच्या उंचसखलपणात मुरणारा धरून चार घनमीटर मागवा. अर्धा घनमीटर कमी पडला तर दुसरी गाडी येईपर्यंत पहिला भाग हाताबाहेर गेलेला असतो.

आरएमसी प्लांटला (तयार काँक्रीट पुरवणाऱ्या कारखान्याला) आधीच सांगा की हे स्टॅम्प्ड काम आहे. लांबच्या साइटसाठी ते मालात घट्ट होणं लांबवणारं रसायन घालतात. ते जास्त झालं की वरचा थर उन्हा-वाऱ्याने सुकून पापुद्रा धरतो आणि खाली लगदाच राहतो. अशा वेळी ठसा मारला की रेषांच्या कडा फाटतात.

साइटवर मिक्सर लावून काम करायचं असेल तर रंग मालात मिसळू नका, वरूनच टाका. हाताने मोजलेल्या प्रत्येक घाण्यात पाणी थोडं वेगळं पडतं आणि प्रत्येक घाण्याची छटाही वेगळी होते.

सावधान: गाडी आल्यावर ड्रायव्हर पाण्याचा पाइप हातात घेऊन विचारतो, ‘साहेब, पाणी मारू का थोडं?’ उत्तर ‘नाही’. माल पसरायला हलका व्हावा म्हणून टाकलेलं पाणी नंतर वर येतं, रंग ठिकठिकाणी फिका पाडतं, काँक्रीट जास्त आकसतं, ताकद घटते. माल खरंच घट्ट वाटत असेल तर प्लांटच्या माणसाला प्लास्टिसायझरची (पाणी न वाढवता माल सैल करणाऱ्या रसायनाची) मात्रा वाढवायला सांगा.

## टप्पा ५: आदल्या दिवशीची तयारी

ठेकेदाराकडून तीन बाय तीन फुटांचा नमुना करून घ्या. त्याच खडीचा, त्याच रंगाचा, त्याच साच्याचा, वरून सीलर (पृष्ठभाग बंद करणारा पारदर्शक थर) लावलेला. छापील शेडकार्डावरचा रंग आणि तुमच्या सिमेंटवर उमटणारा रंग यांत बराच फरक पडतो. नमुना आवडला नाही तर काम थांबवणं अजून स्वस्त आहे.

साचे मोजा. तीन फुटी साचा असेल तर १२ फूट रुंदीच्या एका ओळीला चार लागतात. ओळ पूर्ण भरून वर किमान दोन जादा हवेत, म्हणजे मागचा उचलेपर्यंत पुढचा बसलेला असतो. शिवाय भिंतीलगत आणि कोपऱ्यांसाठी एक मऊ, वाकणारा साचा. दोन साच्यांवर चालवलेल्या कामात शेवटच्या पाच फुटांपर्यंत काँक्रीट दगड झालेलं असतं. हे साचे पॉलियुरेथेनचे आणि महाग असतात, म्हणून ठेकेदार कमी आणतो. करार करतानाच संख्या लिहून घ्या. एकाच नक्षीचे साचे दिसायला सारखे असले तरी आतले दगड वेगळे असतात. त्यांना खडूने अ, ब, क घाला, कोरड्या जमिनीवर एकदा मांडून बघा आणि क्रम ठरवा.

माणसं किमान सहा: दोघं पसरायला आणि फ्लोट (पृष्ठभाग सपाट करायची फळी) मारायला, एक रंगाला, दोघं साच्यांवर, एक कडा सांभाळायला. सहा माणसांत तीन ब्रास नीट होतं. अंगण मोठं असेल तर ते सांध्यावर तोडून दोन दिवसांत करा. एकाच दिवसात सहा-सात ब्रास उरकण्याचा हट्ट मालकांचाच असतो.

भिंतींना तीन फुटांपर्यंत प्लास्टिक चिकटवा. रंगाची भुकटी उडते आणि प्लास्टरवरून निघत नाही. ऊन असेल तर हिरवी नेट डोक्यावर बांधा, वारा सुटत असेल तर त्या बाजूला आडोसा करा.

## टप्पा ६: ओतणं आणि थांबणं

मुरूम आदल्या रात्री आणि पहाटे भिजवा. ओतताना तो ओलसर हवा, पण पाणी साचलेलं नको. मुरमावर प्लास्टिकचा कागद अंथरायची बऱ्याच जणांना सवय असते. उघड्यावरच्या या कामात तो नको. खाली पाणी जायला वाट राहिली नाही की सगळं वर येतं आणि ठशाची वेळ लांबते.

घराकडून गेटकडे ओतत या. सरळ पट्टीने पातळी काढा. कडांना सळई किंवा छोटा नीडल व्हायब्रेटर थोडाच वेळ चालवा, जास्त चालवला तर खडी खाली आणि नुसती सिमेंटची मळी वर येते. मग लाकडी किंवा मॅग्नेशियमचा लांब दांड्याचा फ्लोट एकदा फिरवा. पत्र्याचा गुरमाळा इथे लावू नका. तो पृष्ठभाग बंद करतो आणि पाणी खाली अडकतं.

आणि मग थांबा. पाणी वर येईल, पृष्ठभाग चमकेल. ती चमक आपोआप जाईपर्यंत कुणीही हात लावायचा नाही. मिस्त्रीला रिकामं उभं राहणं जमत नाही, तो कोरडं सिमेंट भुरभुरून पाणी शोषून घ्यायला जातो. तेच सिमेंट पुढे जाळीदार बारीक भेगा आणि पोपडे देतं.

## टप्पा ७: रंगाची भुकटी

बाजारात मिळणारं सुटं लाल ऑक्साइड सिमेंटमध्ये कालवून वापरू नका. त्यासाठी तयार कलर हार्डनर मिळतं, रंग, सिमेंट आणि कठीण बारीक वाळू एकत्र केलेलं. चौरस मीटरला साधारण तीन ते चार किलो, फिक्या रंगाला त्याहून जास्त. आपल्या २८ चौरस मीटरला २५ किलोच्या चार गोण्या लागतात. त्याच बॅचची पाचवी जवळ ठेवा.

दोन तृतीयांश भुकटी पहिल्या फेरीत. कमरेखालून, वारा पाठीशी घेऊन, मुठीने पसरत टाका. वरून उधळली तर ढीग पडतात. भुकटी खालची ओल शोषून गडद होईपर्यंत थांबा, मग फ्लोटने मुरवा. उरलेली एक तृतीयांश आडव्या दिशेने टाका आणि पुन्हा मुरवा. कोरडी राहिलेली जागा दिसली तर पाणी शिंपडू नका, अजून थोडा फ्लोट मारा. तरीही ओली होत नसेल तर तुम्ही उशीर केला आहे, तिथे आणखी भुकटी टाकून उपयोग नाही.

मास्क, गॉगल, रबरी हातमोजे सगळ्यांना. ओलं सिमेंट कातडी भाजतं आणि या भुकटीतली बारीक सिलिका फुप्फुसात जाते.

तपासा: कोपऱ्यात खिळ्याने ओरखडा काढा. रंगाचा थर दोन-तीन मिमी मुरलेला दिसला पाहिजे. लगेच राखाडी दिसलं तर त्या भागात रंग कमी पडला आहे.

## टप्पा ८: ठसा

वेळ घड्याळावर ठरत नाही. बोटाने दाबा. पाच-सहा मिमीचा स्वच्छ खड्डा पडला, कडा फुगल्या नाहीत आणि बोटाला माल चिकटला नाही तर सुरुवात करा. बोट सहज आत गेलं तर लवकर आहे, नुसता डाग पडला तर उशीर झाला. परीक्षा सर्वांत आधी ओतलेल्या टोकाला घ्या, आणि उन्हातल्या व सावलीतल्या भागात वेगवेगळी घ्या. घराच्या सावलीतला अर्धा भाग अर्ध्या तासाने मागे असू शकतो.

पृष्ठभागावर रिलीज पावडर भुरभुरा, चौरस मीटरला साधारण दीडशे ग्रॅम. ती साचा चिकटू देत नाही आणि खाचांमध्ये बसून दुसरी छटा देते. साच्याच्या खालच्या बाजूलाही ब्रशने लावा. पावडर कमी पडलेल्या जागी साचा उचलताना रंगाचा तुकडा घेऊन येतो. दुरुस्ती तिथे जमत नाही.

१. पहिली ओळ दोरी धरून लावा, शटरिंगवर विसंबू नका. विटांची किंवा फरशीची नक्षी असेल तर तिच्या लांब रेषा जागेच्या लांबीला आडव्या ठेवा. लांबीच्या दिशेने गेल्या तर थोडासा तिरकेपणाही २५ फुटांवर ढळढळीत दिसतो.

२. साचा सरळ खाली ठेवा. ठेवल्यावर सरकवू नका. शेजारच्याला घट्ट भिडवा, फट राहिली तर तिथून मळी वर येऊन कंगोरा होतो.

३. साच्यावर उभं राहून वजन द्या, मग टॅम्परने (दांड्याच्या सपाट ठोकणीने) सरळ हलके ठोके. जोर लावून ठोकावं लागत असेल तर वेळ निघून चालली आहे, पुढच्या ओळी घाईने घ्या.

४. उचलताना एक कड आधी सोडवा, हवा आत जाऊ द्या, मग पूर्ण उचला. ठरलेल्या क्रमाने अ, ब, क पुढे.

५. भिंतीलगत मऊ साचा आणि हाताने रेष ओढायचं छिन्नीसारखं हत्यार. कडा सांभाळणाऱ्या माणसाने साच्यांच्या मागे न रेंगाळता त्यांच्या बरोबरच सरकायचं.

ठसा अर्धवट उमटला म्हणून त्याच जागी पुन्हा साचा ठेवू नका, दुहेरी रेष उमटते. राहिलेला कंगोरा दुसऱ्या दिवशी छिन्नीने हलका उडवता येतो. दबलेली रेष मात्र वर आणता येत नाही.

सावधान: शेवटच्या ओळी कडक होताहेत म्हणून कुणी पाण्याचा हात फिरवला तर ठसा उमटेल, पण त्या भागाचा रंग पुढे पुसट होऊन निघेल. गेटपाशीचा पट्टा सगळ्यात आधी उडालेला दिसतो तो यामुळेच.

## टप्पा ९: सांधे कापणं

कटर फिरवल्यावर कडेची खडी सुटत नाही इतपत घट्ट झालं की कापा. उन्हाळ्यात त्याच संध्याकाळी, थंडीत दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर. ‘उद्या-परवा बघू’ म्हटलं तर काँक्रीट स्वतःच्या मर्जीने भेग पाडून मोकळं होतं. खोली सव्वा इंच पूर्ण घ्या. पातं वरवर फिरवून दिलेली शोभेची रेष काहीच कामाची नाही. कापताना उडालेली राखाडी मळी तिथल्या तिथे पुसून घ्या, वाळली की डाग राहतो.

## टप्पा १०: धुणं आणि क्युरिंग

आपल्याकडे क्युरिंग (काँक्रीट पक्कं होईपर्यंत ओलं राखणं) म्हणजे सिमेंटचे बांध घालून पाणी साठवणं, नाहीतर ओलं गोणपाट. इथे दोन्ही नको. बांधांच्या रेषा कायमच्या राहतात आणि गोणपाटाचा तपकिरी रंग उतरतो. प्लास्टिक अंथरलं तर ते जिथे टेकतं आणि जिथे उचललेलं राहतं तिथे वेगवेगळी छटा येते.

दोन दिवसांनी सैल पावडर झाडून काढा, मग मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने धुवा. सगळी काढू नका. खाचांमध्ये थोडी उरली तरच दगडाची खोली दिसते. प्रेशर वॉशर असेल तर कमी दाबावर आणि लांबून. ॲसिडने धुवायची घाई नको. कोवळं काँक्रीट ॲसिड खातं आणि रंगाचा थर भुसभुशीत होतो.

धुऊन झाल्यावर पुढे लावायच्या सीलरशी जुळणारं क्युरिंग कंपाउंड (ओल उडू न देणारं द्रावण) फवारा. दोन्ही एकाच उत्पादकाची असतील तर भानगड कमी. कंपाउंड नसेल तर निदान सात दिवस दिवसातून अनेकदा बारीक फवाऱ्याने सगळीकडे सारखं पाणी मारा. बोअरचं जड पाणी टाळा, क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो सीलरखाली अडकला की निघत नाही.

## टप्पा ११: सीलर

२८ दिवसांची वाट बघा. मग ओल तपासा: दीड फूट चौकोनी पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत, १६ तास राहू द्या. आतून थेंब जमले किंवा खालचं काँक्रीट गडद झालं तर थांबा. ओलीवर मारलेला सीलर दुधाळ पांढरा पडतो.

सकाळी ऊन तापायच्या आत पातळ कोट फवाऱ्याने मारा. दुसरा कोट पहिला वाळल्यावर, आडव्या दिशेने. एकच जाड कोट दिसायला चकाचक दिसतो, पण त्यात बुडबुडे धरतात आणि पुढे पापुद्रे निघतात. दुसऱ्या कोटात घसरण रोखणारी बारीक भुकटी मिसळा, निदान उतारावर, पायऱ्यांपाशी आणि बाहेरच्या नळाखाली तरी. कोकणात हे ऐच्छिक समजू नका. सॉल्व्हंटचा सीलर पेट घेतो, आजूबाजूला विडी-सिगारेट किंवा वेल्डिंग नको.

## वापर कधी, आणि पुढे काय

दुसऱ्या दिवशी चालायला हरकत नाही. दुचाकी सात दिवसांनी, चारचाकी दोन आठवड्यांनी. पाण्याचा टँकर कधीच आत घेऊ नका, पाच इंचांचा हा स्लॅब त्याच्यासाठी नाही. रस्त्यावर उभा करून पाइप आत ओढा.

सीलरचा नवा कोट दर दोन-तीन वर्षांनी लागतो. केव्हा, ते पाणी टाकून कळतं. थेंब वर न थांबता जमीन लगेच गडद झाली की वेळ आली. धुळवडीच्या आधी हे बघून घ्या, उघड्या काँक्रीटमध्ये गुलालाचा रंग मुरतो. रोजची रांगोळी काढायला मात्र दाराशी तीन फुटांचा पट्टा साधा, गुळगुळीत ठेवायला मिस्त्रीला आधीच सांगा. खडबडीत दगडी पोतावर ठिपके जुळत नाहीत आणि घरातल्या बायका नाराज होतात, हे ठेकेदार कधी सांगत नाही.

पांढरी भुकटी वर आली तर आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग पाण्याने. राहिलीच तर खूप पातळ केलेलं ॲसिड, एका कोपऱ्यात वापरून पाहिल्यावर. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. नंतर भरपूर पाण्याने धुवा. सीलर दुधाळ झाला असेल तर वरून नवा कोट मारू नका. ओल पूर्ण सुकल्यावर उत्पादकाने सुचवलेलं सॉल्व्हंट हलकं फवारलं तर तोच थर विरघळून पुन्हा बसतो. सांध्याबाहेर बारीक भेग गेली आणि दोन्ही बाजू समपातळीत असतील तर ती तशीच राहू द्या, भरलेली भेग न भरलेलीपेक्षा जास्त दिसते. एक बाजू वर-खाली झाली असेल तर दोष भरावाचा आहे आणि तो तुकडा सांध्यापासून सांध्यापर्यंत काढूनच पुन्हा करावा लागतो.